युरिक आम्लाचे मोजमाप

मध्यरात्री पायाचा अंगठा एकाएकी सुजून लाल व्हावा आणि पांघरुणाचा स्पर्शही सोसू नये, ही व्यथा ज्यांनी भोगली आहे त्यांना ‘गाऊट’ म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको. या दुखण्याचे मूळ रक्तातील युरिक आम्लात आहे. झिजलेल्या पेशींतील आणि अन्नातील प्यूरिन द्रव्यांचे विघटन होऊन शेवटी हे आम्ल उरते. १०० मिलिलिटर रक्तद्रवात ते सुमारे ६.८ मिलिग्रॅमहून अधिक झाले, की त्याच्या क्षाराचे सुईसारखे स्फटिक सांध्यांत साचू लागण्याचा संभव असतो. पायाचा अंगठा इतर शरीरापेक्षा थंड. म्हणून तेथे ते अधिक सहज साचतात.

हे प्रमाण ओळखण्याची एक साधी युक्ती लंडनचे वैद्य आल्फ्रेड गॅरड यांनी १८५४ साली मांडली. रोग्याच्या रक्तद्रवात थोडे अॅसेटिक आम्ल घालून त्यात ते एक धागा सोडून ठेवीत. युरिक आम्ल फार असेल तर त्या धाग्यावर स्फटिक धरत. परीक्षा खरी होती; परंतु निकालासाठी एक-दोन दिवस थांबावे लागे, आणि नेमका आकडा हाती येत नसे.

आज रक्ताच्या एका थेंबावरून तो आकडा मिळू शकतो, आणि त्यातील खुबी मौजेची आहे. बहुतेक सस्तन प्राण्यांच्या शरीरात युरिकेज नावाचे एन्झाइम युरिक आम्लाचे पुढे विघटन करते. मानववंशाने ते लक्षावधी वर्षांपूर्वी गमावले. आपल्या देहाने गमावलेले हे एन्झाइम शास्त्रज्ञांनी उपकरणात बसविले! एन्झाइम आणि विद्युदग्र यांची सांगड घालण्याची कल्पना अमेरिकेत लेलँड क्लार्क यांनी १९६२ साली मांडली होती. युरिकेजच्या पातळ थरात युरिक आम्ल शिरले, की ऑक्सिजनच्या साहाय्याने त्याचे अॅलँटॉइन होते आणि हायड्रोजन पेरॉक्साइड निर्माण होते. हे पेरॉक्साइड प्लॅटिनमच्या विद्युदग्रावर आपले इलेक्ट्रॉन सोडते. आम्ल जितके अधिक, तितका हा विद्युत्प्रवाह मोठा.

येथे एक अडचण उभी राहते. पेरॉक्साइडचे ऑक्सिडीकरण ज्या विद्युद्दाबाला होते, त्याच दाबाला रक्तातील क जीवनसत्त्वही इलेक्ट्रॉन देऊ लागते. एन्झाइम माणूस ओळखणाऱ्या द्वारपालासारखे चोखंदळ असले, तरी विद्युदग्र कोणाचेही नाणे स्वीकारते. मग आकडा फुगतो. यावर एक उपाय म्हणजे प्रशियन ब्लू या चित्रकारांच्या परिचयाच्या निळ्या रंगद्रव्याचा थर. त्यामुळे पेरॉक्साइडची नोंद शून्याच्या आसपासच्या दाबाला घेता येते, आणि तेथे क जीवनसत्त्व बहुधा गप्प राहते.

तथापि, श्रोतेहो, आकडा म्हणजे निदान नव्हे. ऐन ठणक्यात रक्तातील प्रमाण सामान्यही आढळते, तर वाढलेल्या प्रमाणाच्या अनेकांना गाऊट कधीच होत नाही. निश्चित पुरावा सांध्यातील द्रवात सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे स्फटिक हाच. उपचार मात्र बहुधा दीर्घकाळ चालतात आणि प्रमाण ६ मिलिग्रॅमच्या खाली ठेवणे हे त्यांचे सामान्य लक्ष्य असते. तेव्हा वारंवार आणि विश्वासाने करता येणारे मोजमाप रोग्याला खरा आधार देते. आकडा उपकरणाने सांगावा. त्याचा अर्थ वैद्याकडून समजून घ्यावा.