पेशीचा घोट

लहानपणी आईच्या दंडावरच्या देवीच्या लशीच्या वणात मी बोट फिरवीत असे. लशीतला विषाणू देवीचा नव्हताच, तिच्या भाऊबंदांपैकी होता: व्हॅक्सिनिया. तो पेशीत शिरतो कसा, हे समजून घ्यायचं तर आधी पेशी पाणी कशी पिते ते पाहायला हवं.

१९३१ मध्ये बाल्टिमोरच्या वॉरेन लुईस यांनी उंदराच्या भक्षक पेशींचं चित्रीकरण केलं. पेशीच्या कडेला पातळ पडदे उठत होते, साडीच्या निऱ्यांसारखे हलत होते आणि दुमडून मिटताना बाहेरचा द्रव पोटात घेत होते. लुईस यांनी याला नाव दिलं पिनोसायटोसिस, म्हणजे पेशीचं पिणं. मोठ्या घोटांना आज मॅक्रोपिनोसायटोसिस म्हणतात. अशा घोटाचा बुडबुडा पाच मायक्रॉनपर्यंत मोठा असू शकतो. भक्षक पेशी तासाभरात स्वतःच्या आकारमानाच्या पावपट द्रव पिऊन टाकते. स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या पेशी तर याच वाटेने आसपासचं अल्ब्युमिन गिळून त्यावर पोसतात, हे २०१३ मध्ये दिसून आलं.

घोटात जे असेल ते आत येतं. रोगजंतू नेमका याचाच फायदा घेतात. साल्मोनेला सुईसारख्या यंत्रणेने आपली प्रथिनं पेशीत टोचतो. त्यांच्यामुळे ॲक्टिनचे धागे उसळतात, निऱ्या उठतात आणि जिवाणू त्यांच्यासकट आत ओढला जातो. व्हॅक्सिनियाची युक्ती मला जास्त थक्क करते. २००८ मध्ये झ्युरिकच्या जेसन मर्सर आणि आरी हेलेनियस यांनी दाखवलं, की हा विषाणू मरणाऱ्या पेशीच्या अंगावर असते तीच मेदाची खूण आपल्या आवरणावर मिरवतो. मेलेल्या शेजाऱ्याचे अवशेष उचलायचे, म्हणून पेशी त्याला गिळते.

पेप्टाइडांची, म्हणजे प्रथिनांच्या छोट्या तुकड्यांची, गोष्ट मात्र एका चुकीतून उलगडली. एचआयव्हीचं टॅट हे प्रथिन बाहेरून पेशीत शिरतं, हे १९८८ मध्ये कळलं. त्याचा आर्जिनिनने भरलेला छोटा तुकडा औषधाला जोडला, की औषधही आत पोचेल अशी आशा वाटू लागली. चार अंश सेल्सिअसलाही, म्हणजे घोट घेणं थांबलेलं असताना, तो केंद्रकात दिसायचा. तेव्हा तो पटल भेदून थेट जातो असा समज झाला. २००३ मध्ये खरं कारण समोर आलं. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवण्यापूर्वी पेशी रसायनांनी स्थिर करत, त्या वेळी पटलाला चिकटलेलं पेप्टाइड आत पसरत होतं. जिवंत पेशीत पाहिलं तर ते ठिपक्याठिपक्यांत, बुडबुड्यांत अडकलेलं.

माझ्या मते या क्षेत्रातलं सगळ्यात मोलाचं निरीक्षण हेच. कारण बुडबुड्यात येणं म्हणजे ओसरीवर येणं. माजघर अजून दूरच. इबोलाचा विषाणूही घोटातून येतो, पण खोलवरच्या आम्लधर्मी बुडबुड्यात एनपीसी१ हे प्रथिन भेटेपर्यंत त्याचं दार उघडत नाही. औषधाच्या रेणूला अशी किल्ली नसते. म्हणून २००४ मध्ये स्टीव्हन डाउडी यांच्या गटाने टॅटला फ्लूच्या विषाणूच्या प्रथिनाचा एक तुकडा जोडला. आम्लात हा तुकडा पटल फोडतो. बुडबुडे फुटू लागले आणि अडकलेला माल पेशीरसात उतरू लागला.