एका छपराखालची दोन मते

पिट्सबर्गच्या कार्नेगी तंत्रशिक्षण संस्थेत, जी १९६७ पासून कार्नेगी मेलन विद्यापीठ म्हणून ओळखली जाते, विल्यम लॅरिमर मेलन यांच्या देणगीतून १९४९ साली जी व्यवस्थापनशाळा निघाली, तिच्या संशोधकवर्गांत अभ्यासविषयांची विभागणी होती, पण भिंती नव्हत्या. चार्न्स आणि कूपर यांनी विमानांच्या इंधनमिश्रणाचा प्रश्न रेषीय गणिताने हाताळला. मोदिल्यानी आणि मिलर यांनी कंपनीचे मूल्य तिच्या कर्ज-भांडवलाच्या प्रमाणावर कितपत अवलंबून असते, याची १९५८ मध्ये मूलगामी मीमांसा केली. सर्वांत उद्बोधक मात्र हर्बर्ट सायमन यांचे उदाहरण होय. मनुष्याची विवेकशक्ती मर्यादित असल्यामुळे तो सर्वोत्तम पर्याय न शोधता पुरेशा समाधानकारक पर्यायावर थांबतो, हे प्रतिपादन त्यांनी मार्च व सायर्ट या सहकाऱ्यांसह उद्योगसंस्थांच्या कारभाराला लावले. आणि ज्या जॉन म्यूथ यांच्यासमवेत सायमन यांनी उत्पादन-नियोजनावरील ग्रंथ १९६० साली सिद्ध केला, त्याच म्यूथ यांनी पुढच्याच वर्षी, लोकांचे अंदाज उपलब्ध माहितीचा पूर्ण उपयोग करून बांधलेले असतात, असा जवळजवळ विरुद्ध सिद्धांत मांडला. असा निकोप मतभेद पोसणे हीच विद्यापीठाची खरी दौलत. सायमन यांना १९७८ साली, मोदिल्यानींना १९८५ साली व मिलर यांना १९९० साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.