बारावीच्या आधी पदवीचे श्रेयांक : शक्य काय, अशक्य काय?

शाळेत असतानाच महाविद्यालयाच्या अभ्यासक्रमाचा काही भाग पुरा करता येईल काय, आणि तो पुढे पदवीत धरला जाईल काय, हा प्रश्न पूर्वी आपल्याकडे फारसा कोणी विचारत नसे. आता तो विचारला जातो, आणि त्याची कारणे दोन आहेत. अमेरिकेतील नातेवाइकांच्या मुलांच्या हकिकती घरोघरी पोचू लागल्या, हे एक. दुसरे म्हणजे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणापासून 'श्रेयांक' हा शब्द सर्वांच्या कानांवर पडू लागला. विद्यार्थी त्यालाच सरसकट क्रेडिट म्हणतात.

ग्वाल्हेरला लष्कर भागात राहणाऱ्या माझ्या भाचीने अकरावीत असताना मला हाच प्रश्न केला. तिचे वडील लवकरच निवृत्त व्हायचे होते. पुण्याला ठेवून चार वर्षांची पदवी द्यायची, तर खोलीभाडे, खाणावळ आणि फी यांचे गणित जमेना. "मामा, एखादे वर्ष वाचेल असे काही आहे का?" असे तिने विचारले. एका खाजगी संस्थेने 'शाळेतच कॉलेजचे क्रेडिट' अशी जाहिरात करून तिच्याकडे बरीच मोठी फी मागितली होती. पैसे भरण्यापूर्वी नीट पाहावे म्हणून मी जी माहिती जमवली, ती आपल्या विद्यार्थ्यांनाही उपयोगी पडेल असे वाटते.

प्रथम अमेरिकेची पद्धत पाहू. तेथे 'ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट' नावाच्या परीक्षा १९५० च्या दशकात सुरू झाल्या आणि कॉलेज बोर्ड ही संस्था त्या घेते. शाळेतील विद्यार्थी महाविद्यालयीन दर्जाचा एखादा विषय वर्षभर शिकतो आणि मे महिन्यात परीक्षा देतो. निकाल १ ते ५ या श्रेणींत लागतो. ३ किंवा त्याहून वरची श्रेणी मिळाली, तर अनेक महाविद्यालये त्या विषयाचे श्रेयांक देतात. काही ४ किंवा ५ चा आग्रह धरतात, तर काही श्रेयांक न देता फक्त वरच्या वर्गात बसू देतात. दुसरी रीत दुहेरी नावनोंदणीची आहे. तीत शाळकरी मुलगा जवळच्या महाविद्यालयात प्रत्यक्ष नाव नोंदवून एखादा विषय पुरा करतो. दोन्ही रीतींत श्रेयांक द्यायचे की नाही, हे शेवटी प्रवेश देणारे महाविद्यालयच ठरवते.

आपल्याकडे असे का नाही? याचे उत्तर इतिहासात आहे, आणि त्या इतिहासात ग्वाल्हेरचाही वाटा आहे. पूर्वी मॅट्रिक झालेला पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा थेट महाविद्यालयात जाई आणि तेथे दोन वर्षे इंटरमिजिएटचा अभ्यास करी. ग्वाल्हेरच्या व्हिक्टोरिया कॉलेजात, म्हणजे आजच्या महाराणी लक्ष्मीबाई महाविद्यालयात, या वयाची मुले विद्यार्थी म्हणूनच वावरत. आजच्या भाषेत बोलायचे तर अकरावी-बारावीच्या वयात ती 'महाविद्यालयाचे श्रेयांक' मिळवीत होती. १९१७ साली नेमलेल्या कलकत्ता विद्यापीठ आयोगाने, म्हणजेच सॅडलर आयोगाने, १९१९ मध्ये असे सुचविले की शाळा आणि विद्यापीठ यांमधली सीमारेषा इंटरमिजिएटवर असावी व त्या परीक्षेसाठी वेगळी मंडळे असावीत. त्यानुसार १९२१ साली संयुक्त प्रांतात हायस्कूल व इंटरमिजिएट शिक्षण मंडळ स्थापन झाले. राजपुताना, मध्य भारतातील संस्थाने आणि ग्वाल्हेर हे प्रदेशही त्याच्या कक्षेत होते. पुढे १९२९ साली अजमेर, मेरवाडा, मध्य भारत व ग्वाल्हेर यांच्यासाठी राजपुताना मंडळ निघाले. त्याच मंडळाला १९५२ साली केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ, म्हणजे सीबीएसई, हे नाव मिळाले.

कोठारी आयोगानंतर १०+२+३ हा आकृतिबंध देशभर आला आणि ही सीमारेषा पक्की झाली. महाराष्ट्रात तिला 'कनिष्ठ महाविद्यालय' म्हणतात, तर कर्नाटकात पी.यू.सी. नावे महाविद्यालयाची असली तरी ती दोन वर्षे मंडळाच्या ताब्यात आहेत आणि पदवीत ती मोजली जात नाहीत. विद्यापीठात प्रवेशाची पहिली अट बारावी उत्तीर्ण असण्याची असते. ग्वाल्हेरचे जिवाजी विद्यापीठ १९६४ साली स्थापन झाले. तेथेही पदवीची गणती बारावीनंतरच सुरू होते.

आता नव्या व्यवस्थेकडे वळू. २०२१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने श्रेयांकांची बँक सुरू केली. मान्यताप्राप्त संस्थेत मिळवलेले श्रेयांक विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतात आणि साधारणपणे सात वर्षांपर्यंत वापरता येतात. एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय श्रेयांक आराखडा आला. त्यात ३० तासांच्या अध्ययनाला १ श्रेयांक धरला आहे. वर्षाचे १२०० तास, म्हणजे ४० श्रेयांक. या आराखड्यात शाळाही घेतली आहे, आणि सीबीएसईने २०२४-२५ साठी सहावी, नववी व अकरावीच्या वर्गांत प्रायोगिक अंमलबजावणीकरिता शाळांना आवाहनही केले.

येथेच पुष्कळांचा गैरसमज होतो. शाळेतही श्रेयांक आणि महाविद्यालयातही श्रेयांक, मग शाळेतले तिकडे का चालू नयेत? याचे कारण असे की श्रेयांकाला केवळ संख्या नसते, पातळीही असते. दहावीची पातळी ३ आहे आणि बारावीची ४. पदवीच्या पहिल्या वर्षाची पातळी ४.५, दुसऱ्याची ५, तिसऱ्याची ५.५ आणि चौथ्याची ६. खालच्या मजल्यावर कितीही खोल्या बांधल्या तरी त्यांनी वरचा मजला उभा राहत नाही, तसेच हे आहे. अकरावीत जादा विषय घेऊन जमवलेले श्रेयांक चौथ्या पातळीचेच राहतात. पदवीच्या पहिल्या वर्षाचे ४० श्रेयांक त्यांतून वजा होत नाहीत.

मग बारावीच्या आधी काहीच करता येत नाही काय? थोडे करता येते. २०१७ साली सुरू झालेल्या 'स्वयम्' या सरकारी व्यवस्थेवर विद्यापीठीय दर्जाचे अनेक अभ्यासक्रम विनामूल्य शिकता येतात. फी असते ती प्रमाणपत्राच्या परीक्षेची. विद्यापीठे एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम या मार्गाने घेऊ देऊ शकतात. परंतु हा लाभ विद्यापीठात नाव असलेल्या विद्यार्थ्यासाठी आहे, आणि तो विषय त्याच्या संस्थेने आधी मान्य केलेला असावा लागतो. शाळेत असताना घेतलेले प्रमाणपत्र अभ्यासाची पूर्वतयारी म्हणून चांगले, पण ते आपोआप श्रेयांक होत नाही. दुसरे उदाहरण आयआयटी मद्रासच्या बी.एस. अभ्यासक्रमाचे आहे. अकरावीची परीक्षा दिलेला विद्यार्थी त्याची पात्रता फेरी, म्हणजे चार आठवड्यांचा अभ्यास आणि त्यावरची परीक्षा, देऊ शकतो. प्रत्यक्ष प्रवेश मात्र बारावी झाल्यावरच मिळतो. म्हणजे येथेही हाती येते ती पात्रता. श्रेयांक त्यानंतरच मिळू लागतात.

ग्वाल्हेरसारख्या गावात संगीताचा विचार केल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. कृष्णराव शंकर पंडितांनी १९१४ साली तेथे शंकर गांधर्व महाविद्यालय काढले. १९१८ साली महाराज माधवराव शिंदे यांच्या आश्रयाने आणि भातखंडे यांच्या मार्गदर्शनाखाली माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले. अशा संस्थांमुळे संगीताच्या परीक्षांची एक स्वतंत्र शिडी तयार झाली, आणि ती शाळेच्या इयत्तेला बांधलेली नाही. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारदपर्यंतच्या परीक्षा देत देत एखादी मुलगी बारावीपर्यंत बरीच वर चढलेली असते. पण तीच मुलगी पुढे संगीताच्या पदवीला गेली, तर तिची वर्षे मोजायची की नाही, हे त्या त्या विद्यापीठाच्या नियमावर अवलंबून राहते. ग्वाल्हेरला आता राजा मानसिंह तोमर यांच्या नावाचे संगीत व कला विद्यापीठही आहे. नव्या आराखड्यात पूर्वी मिळवलेल्या ज्ञानाला श्रेयांक देण्याची तरतूद आहे, आणि तिचा खरा कस अशाच ठिकाणी लागेल असे मला वाटते.

वर्ष नाही तरी निदान सत्र वाचवण्याचा मार्ग प्रवेशानंतर आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२४ साली गतिमान पदवीची योजना मान्य केली. पहिल्या किंवा दुसऱ्या सत्राच्या शेवटी निवड होऊन विद्यार्थी दर सत्रात जादा श्रेयांक घेऊ शकतो. त्यामुळे तीन वर्षांची पदवी पाच सत्रांत आणि चार वर्षांची सहा सत्रांत पुरी होऊ शकते. मात्र अशा जागा मंजूर संख्येच्या १० टक्क्यांपर्यंतच असतात. शिवाय चार वर्षे शिकणे सक्तीचे नाही. जिथे नवे धोरण लागू आहे, तिथे तीन वर्षांनंतरही पदवी मिळते. मध्य प्रदेशाने हे धोरण २०२१-२२ पासून अमलात आणले. कर्नाटकाने मात्र २०२४-२५ पासून पुन्हा तीन वर्षांच्या पदवीची वाट धरली.

भाचीला मी एवढेच सांगितले की त्या खाजगी संस्थेला तीन प्रश्न लेखी विचार. तुमचे श्रेयांक कोणत्या पातळीचे आहेत? ते श्रेयांक बँकेत कोणत्या मान्यताप्राप्त संस्थेच्या नावाने जमा होतील? आणि मला जेथे प्रवेश घ्यायचा आहे ते विद्यापीठ ते वजा करून देईल, असे त्याच विद्यापीठाचे पत्र आहे काय? उत्तर आले नाही आणि पैसे वाचले. तिने 'स्वयम्'वर संख्याशास्त्राचा एक अभ्यासक्रम विनामूल्य ऐकला. त्याचा लाभ पहिल्या वर्षी होईल, पण गुणपत्रिकेत तो दिसणार नाही, हेही तिला ठाऊक आहे.

आपल्या विद्यार्थ्यांनी धाकट्या भावंडांना हे तीन प्रश्न जरूर सांगावेत. आणि अभ्यास मंडळांवर बसणाऱ्या प्राध्यापक मंडळींना माझी नम्र विनंती आहे की, शाळेतच स्वतःच्या बळावर पुढे गेलेल्या विद्यार्थ्याची परीक्षा घेऊन त्याला श्रेयांक देण्याचा नियम आपल्या विद्यापीठात करता येईल काय, याचा विचार व्हावा. आराखड्यात तरतूद असली तरी विद्यापीठाचा नियम होईपर्यंत ती कागदावरच राहते.