टाकी नाही, खोली फुटते! गॅसचा कुठं नुसता भडका, कुठं भिंत आडवी, असं का?

‘गॅसची टाकी फुटली’ अशी बातमी आपण नेहमी ऐकतो. पण बऱ्याच ठिकाणी जाऊन बघावं तर टाकी जागच्या जागी धड असते, अन् भिंत पडलेली असते. म्हणजे फुटली ती खोली.

घरगुती गॅस हवेत मिसळल्याशिवाय पेटत नाही. शंभर भाग हवेत साधारण २ ते ९ भाग गॅस असला तरच तो पेट घेतो. ४ भागांच्या आसपास असला की सगळ्यात जोराचा दणका. हिशेब करून बघा. दहा फूट लांब, रुंद अन् उंच खोलीत सव्वा-दीड किलो गॅस सारखा पसरला की धोका सुरू. अडीच किलो झाला की सगळ्यात वाईट. भरलेल्या टाकीत तर १४.२ किलो असतो! त्यात हा गॅस हवेपेक्षा जड. पाण्यासारखा खाली बसतो, मोरीत, कॉटखाली साचतो. त्यामुळं जमिनीलगत थोड्या गॅसमध्येही काम होतं. उभ्या माणसाला वास कमी येतो, तो वेगळाच.

दुसरी गोष्ट दारं-खिडक्यांची. उघड्या अंगणात तेवढाच गॅस पेटला तर भडका होतो, माणूस भाजतो, पण भिंत पडत नाही. बंद खोलीत तापलेल्या हवेला जायला वाट नसते, दाब क्षणात वाढतो. विटांची भिंत एवढा दाब सोसत नाही. खोलीत पोती, फळ्या, भांडी खच्चून भरलेली असली तर जाळ त्यांच्यातून वाट काढताना घुसळतो अन् आणखी वेगानं पळतो. आमच्याकडं स्वयंपाकघरातच कांद्याची पोती रचायची सवय आहे, माझ्या घरी पण होती.

गोबरगॅसचं उलट. त्यातला मिथेन हलका, तो वर छताला जातो. म्हणून तिथं वरचा झरोका कामाचा, इथं खालची फट अन् उघडं दार.

गेल्या पावसाळ्यात पहाटे आमच्या घरात वास आला. बायकोचा हात सवयीनं लाइटच्या बटणाकडं गेला, मी ओरडलो. बटणातली बारीक ठिणगीही पुरते. पंखा लावून गॅस घालवू म्हणणारे तर ठिणगी पण देतात अन् गॅस हवेत नीट कालवून पण देतात. अंधारातच रेग्युलेटर बंद केला, दारं उघडली, पोरांना बाहेर काढलं. वायसर चिरलेला निघाला.

गळतीसाठी १९०६ हा नंबर आहे. पण मोबाइल घरात नका काढू, अंगणात लांब जाऊन लावा.