शेताखालचे पान

(इयत्ता ७ वी)

वर्गमित्रांनो आणि शाळा बघायला आलेल्या पालकांनो,

खाली खिडकीत ठेवलेला राखाडी दगड मी आणला आहे. त्यावर जिभेसारखे लांबट पान दिसते. मधोमध जाड शीर, आणि बाजूंना बारीक शिरांची जाळी. वर्गात काही जण म्हणाले, "हे तं कंपासनं कोरलं आहे." मी कोरलेले नाही. म्हणून हा लेख लिहिला.

आमचे शेत दोन वर्षांपूर्वी कोळशाच्या खाणीत गेले. आता बाबा त्याच खाणीत कामाला जातात. जिथे आमची तूर असायची, तिथेच खूप खोल, कोळशाला लागून असलेल्या दगडात त्यांना हे पान सापडले.

मी दगड दाखवला तर गुरुजींनी आधी भिंतच दाखवली. जिथे पोपडा निघाला आहे तिथे बघा. वर निळा रंग, त्याखाली पिवळा, त्याखाली पांढरा चुना. जो खाली, तो आधीचा. जमिनीच्या थरांचेही तसेच. (हिमालयात घड्या पडून काही ठिकाणी थर उलटेपालटे झाले आहेत, पण आपल्याकडे तसे नाही.)

आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात कोळशाच्याही खाली एक गंमतीचा थर आहे. त्यात बारीक मातीत लहानमोठे धोंडे कसेही मिसळलेले आहेत. नदी असे करत नाही. ती वाळू एकीकडे टाकते, गोटे दुसरीकडे. बर्फ मात्र सगळे एकत्र ओढत नेतो आणि वितळला की तिथेच टाकतो. चंद्रपूरजवळ इरई इथे या थराखालचा चुनखडक घासून गुळगुळीत झालेला आहे आणि त्यावर सरळ ओरखडे आहेत. हे १८७५ सालीच लिहून ठेवलेले आहे. उन्हाळ्यात जिथे पारा ४५ च्या वर जातो, तिथे बर्फ! कारण साधारण ३० कोटी वर्षांपूर्वी आपली जमीन दक्षिण ध्रुवाच्या बाजूला होती.

मग बर्फ गेला, दलदल झाली, झाडे वाढली, गाडली गेली आणि त्यांचा कोळसा झाला. माझे पान त्यातल्याच झाडाचे. त्याचे नाव ग्लॉसोप्टेरिस. हेच पान आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातही दगडात सापडते. १९१२ साली दक्षिण ध्रुवावरून परतताना स्कॉट आणि त्याचे सोबती थंडीने व उपासमारीने मेले. त्यांच्याजवळ सुमारे १६ किलो दगड होते. अंगात त्राण नव्हते तरी त्यांनी ते टाकले नव्हते. त्या दगडांतही हेच पान निघाले.

समुद्र ओलांडून झाड कसे जाईल? दक्षिण अमेरिकेत तर बर्फाचे ओरखडे असे आहेत की बर्फ समुद्रातून जमिनीवर चढला असे वाटावे. पण नकाशात आफ्रिका तिला चिकटवली की बर्फाची वाट बरोबर जुळते. म्हणजे या सगळ्या जमिनी एकत्र होत्या. त्या खंडाला शास्त्रज्ञांनी गोंडवाना नाव दिले, ते आपल्याकडच्या गोंडांच्या मुलुखावरून! हे ऐकून माझ्या आजीला फार आनंद झाला. आम्ही गोंडच आहोत. खंड सरकतात हे वेगेनरने १९१२ सालीच सांगितले होते, पण पुष्कळांनी मानले नाही. १९३० साली तो वारला. १९६० नंतर समुद्राचा तळ तपासला तेव्हा लोकांना पटले.

पुढे आपला तुकडा सुटून उत्तरेकडे निघाला. वाटेत ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास लाव्हा थरावर थर पसरला. यवतमाळकडे जाताना दिसतो तो काळा खडक हाच. शेवटी साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी तो आशियाला धडकला आणि मधल्या समुद्राचा तळ वर उचलला गेला. देव्हाऱ्यातला शाळिग्राम पाहिलात ना? गंडकी नदीत मिळणाऱ्या शाळिग्रामात समुद्रातल्या प्राण्याच्या शंखाचा ठसा असतो. तो हिमालयात आला तो असा. आपण अजूनही वर्षाला साधारण ५ सेंटिमीटर सरकतो आहोत.

आमच्या शेतातले वरचे थर आता यंत्रांनी काढून ढिगात टाकले आहेत. ढिगात कोणता आधीचा आणि कोणता नंतरचा, ते कळत नाही. म्हणून ज्यांचे बाबा, काका खाणीत आहेत त्यांनी असा दगड मिळाला तर कुठल्या थरात मिळाला तेही विचारून लिहून आणा.

माझा दगड बघा, पण ओल्या हाताने धरू नका. त्याचे पापुद्रे सुटतात. एक कोपरा आधीच गेला आहे.