परसातला बंब आणि उकड्या भाताची भट्टी

तंजावर जिल्ह्यातील पापनाशम हे कावेरीच्या मुलखातले, भातशेतीच्या ऐन पट्ट्यातले गाव. तेथील पालैवननाथर मंदिराच्या आवारात नायक राजांच्या काळचे विटांचे धान्यकोठार आजही उभे आहे. या मुलखात भाताची प्रतिष्ठा केवढी होती, याची त्यावरून कल्पना यावी. नायकांनंतर १७९९ पर्यंत, सुमारे सव्वाशे वर्षे, हा प्रदेश तंजावरच्या भोसल्यांकडे होता आणि मराठी बोलणारी कुटुंबे त्या जिल्ह्यात अद्याप आहेत.

तेथील रोजच्या जेवणातला तांदूळ बहुधा उकडा असतो. कोकणातल्या आणि गोमंतकातल्या श्रोत्यांना उकड्या तांदळाची पेज नव्याने सांगावयास नको. भात तुसासकट भिजवून, वाफवून, वाळवून मग कांडले की दाणा कमी फुटतो, आणि कोंड्यातील जीवनसत्त्वाचा काही अंश दाण्यात मुरतो. मात्र या खटाटोपाला पाणी तापवावे लागते, आणि पाणी तापवावयाचे म्हणजे सरपण आले. गिरण्यांतून यासाठी मोठी बाष्पित्रे असतात. घरच्यापुरते भात उकडणाऱ्यांच्या परसात मात्र तीन दगड, एक पिंप आणि डोळे चोळीत फुंकणी घेऊन बसलेली बाई, एवढाच सरंजाम असे.

या सरंजामात किती लाकूड वाया जाते, याचा हिशेब अवघड नाही. १०० लिटर पाणी २५ अंशांवरून ७० अंशांवर नेण्यास ४,५०० किलोकॅलरी उष्णता लागते. चांगल्या वाळलेल्या एक किलो लाकडात सुमारे ३,५०० किलोकॅलरी असतात. म्हणजे सव्वा-दीड किलो लाकडात काम भागावयास हवे. उघड्या चुलीवर दहा किलोंच्या आसपास जाते! उरलेली उष्णता वाऱ्यावर जाते, जमिनीत जाते आणि धुरातून जाते. लाकूड ओले असेल तर गोष्ट आणखी बिघडते. कारण त्यातले प्रत्येक किलो पाणी वाफ होऊन उडून जाताना सहाशेच्या वर किलोकॅलरी बरोबर नेते.

धूर म्हणजे न जळलेले सरपण. लाकूड तापले की प्रथम त्यातून ज्वलनशील वायू निघतात, आणि लाकडाची अर्ध्याहून अधिक उष्णता या वायूंत असते. ते पेटावयास पुरेशी हवा आणि सुमारे सहाशे अंशांची धग लागते. तेवढी धग मिळाली नाही तर तेच वायू काजळी आणि डांबर होऊन धुराड्याला चिकटतात.

आपल्याकडचा तांब्याचा बंब येथेच फसतो. मधोमध नळी, खाली जाळी, भोवती पाणी, अशी ही रचना दिसावयास मोठी हुशारीची आहे, आणि कोळसा घातला तर ती उत्तम चालतेही. कारण कोळशातले वायू आधीच निघून गेलेले असतात. पण त्याच नळीत ओली ढलपी किंवा गोवरी टाकली की घरभर धूर होतो. जाळाला चहूबाजूंनी पाण्याने गार केलेली भिंत लागते आणि वायू पेटण्यापूर्वीच विझतात. घरोघरी बंबावर जो राग निघे, त्याचा खरा धनी हा गारठा होता.

म्हणून परसात भट्टी बांधणाऱ्याने आधी जाळ पुरा होऊ द्यावा आणि मगच त्याला पाण्याची गाठ घालून द्यावी. जाळाची खोली विटांची, मातीने लिंपलेली असावी. तिला पाणी लागू देऊ नये. तळाशी लोखंडी सळयांची जाळी आणि तिच्याखाली राखेची जागा ठेवावी. हवा जाळीखालून तर यावीच, पण थोडी जाळाच्या वरच्या अंगालाही लहान भोकांतून यावी. वायू पेटतात ते या हवेवर. त्यापुढे तापलेला झोत पिंपाच्या तळाखालून आणि पिंपातून काढलेल्या नळ्यांमधून फिरवून धुराड्यात सोडावा. नळ्या खरडून साफ करता येतील अशा सरळ ठेवाव्यात. काजळीचा पातळ थरही उष्णता अडवतो. पिंपाभोवती तुसांच्या राखेचा जाड थर भरावा. भाताच्या मुलखात ती फुकट मिळते, आणि उष्णता धरून ठेवण्यास तिच्याइतकी स्वस्त वस्तू नाही. एवढे नीट साधले तर दहाच्या जागी तीन-चार किलो लाकडात काम होते.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगावयास हवी. पिंपाचे तोंड कधीही घट्ट बंद करू नये. पाण्याची वाफ झाली की तिला सोळाशेपट जागा लागते, आणि पातळ पत्र्याचे पिंप तो दाब सोसत नाही. १८६३ साली कलकत्त्यात बाष्पित्र फुटून माणसे दगावली, तेव्हा बंगालमध्ये तपासणीचा कायदा करावा लागला. १९२३ साली तो प्रश्न साऱ्या देशासाठी कायद्यात आला. घरगुती भट्टीला दाबाची गरजच नसते. पाण्यावाचून जाळही घालू नये. डाग दिलेले सांधे क्षणात सुटतात.

गार पाण्यात दोन-तीन दिवस भिजवलेल्या भाताला आंबूस वास येतो. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने यावर ऊन पाण्याची रीत काढली. पाणी ८५ अंशांपर्यंत तापवावे. त्यात भात टाकला की दोन्ही मिळून ७० अंशांवर येतात. तीन-साडेतीन तासांत दाणा पुरेसा भिजतो. मग पाणी काढून, भोकांच्या ताटावर भात पसरून, खालून मोकळी वाफ द्यावी. तूस किंचित उलले की थांबावे. वाळवताना प्रथम ऊन आणि नंतर सावली द्यावी. सारे वाळवण कडक उन्हात एका दमात उरकले तर दाण्याला आतून चिरा जातात आणि कांडताना कणी पडते.