जुन्या कपाटाला रंग देताय? आधी घासणं, मग रंग

दिवाळी जवळ आली किंवा घरात लग्न ठरलं की जुनं कपाट, दिवाण, पाट अंगणात निघतात आणि रंगाचा डबा आणला जातो. एका दुपारी रंग मारून होतो, दिसतोही झकास. पण एक पावसाळा गेला की पापुद्रे सुटायला लागतात. दोष बहुतेक वेळा रंगाचा नसतो, खालची तयारीच झालेली नसते. शिवाय जुना रंग घासण्यात एक धोका आहे. घरात लहान लेकरं असतील तर तो आधी समजून घ्या.

लाकूड तपासा

सांधे हलवून बघा. सैल असतील तर सुतारकाम आधी, रंग नंतर. लाकडाला बारीक भोकं दिसली तर खाली वर्तमानपत्र अंथरून दोन-चार दिवस ठेवा. त्यावर पिठासारखा भुसा पडला तर आत भुंगा जिवंत आहे असं समजा. लाकडासाठीचं तयार औषध हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, ते सुईने भोकात सोडा. शेतात फवारायचं कीटकनाशक घरातल्या सामानाला लावू नका. आणि आतलं लाकूड चांगलं सागवान निघालं, तर रंगाखाली झाकण्यापेक्षा पॉलिश करायचा विचार करा.

जुन्या रंगातलं शिसं

पूर्वी घरगुती ऑइल पेंटमध्ये शिसं सर्रास असायचं, पिवळ्या, लाल, हिरव्या अशा भडक रंगांत जास्त. केंद्र सरकारने २०१६ साली नियम केला. त्यानुसार १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसं चालत नाही. म्हणजे त्याआधी रंगवलेल्या कपाटात शिसं असू शकतं, असं धरूनच चालायचं.

शिशाची धूळ लेकरांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करते. म्हणून असा रंग कोरडा घासू नका. वॉटरपेपर पाण्यात भिजवून ओलाच घासा, म्हणजे धूळ उडत नाही. काम घराबाहेर, खाली प्लास्टिक अंथरून करा. तोंडाला नुसता रुमाल पुरत नाही, एन-९५ मास्क लावा. लेकरांना आणि गरोदर बाईला जवळ येऊ देऊ नका. काम झाल्यावर अंघोळ करा, कपडे वेगळे धुवा.

गोठा आणि वैरण जवळ असेल तर जागा बदला. शिशाचा रंग चाटून जनावरं दगावतात. निघालेले पापुद्रे गोळा करून पिशवीत बांधा, उकिरड्यावर टाकू नका. रंगवलेलं जुनं लाकूड चुलीत तर अजिबात घालू नका, शिसं धुरात आणि राखेत उतरतं.

धुणं आणि घासणं

चुलीच्या धुराचा आणि तेलाचा थर असेल तर त्यावर रंग धरत नाही. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा टाकून पुसा, मग साध्या पाण्याने पुसा आणि सावलीत वाळवा. कडक उन्हात ठेवलं तर फळ्या वाकतात, चिरतात.

सगळा रंग खरवडून लाकूड उघडं करायची गरज नसते. जिथे पापुद्रे सुटलेत तिथे ८० नंबरचा पेपर घ्या, मग १२०, शेवटी १८०. जिथे रंग घट्ट बसलाय तिथे फक्त चमक मरेपर्यंत घासायचं. उघड्या लाकडावर पेपर रेषेच्या दिशेने फिरवा, आडवा घासला तर ओरखडे रंगातूनही दिसतात. नंतर ओल्या फडक्याने पुसून एक दिवस पूर्ण वाळू द्या.

लांबी, प्रायमर, मग रंग

खड्डे, खिळ्यांची भोकं लाकडाच्या लांबीने भरा. भिंतीची पुट्टी लाकडावर टिकत नाही, तिला तडे जातात. लांबी वाळली की घासून सपाट करा. मग वूड प्रायमरचा एक हात. पायांचे तळ आणि मागची बाजू सोडू नका. फरशी धुताना पाणी तिथूनच वर चढतं आणि रंग तिथूनच सुटायला लागतो.

प्रायमर वाळल्यावर २२० नंबरने हलकं घासून पुसा. मग रंगाचे दोन पातळ हात, मध्ये एक रात्र जाऊ द्या. एकच जाड हात दिला तर रंग ओघळतो आणि आतून ओला राहतो. पातळ करायला डब्यावर लिहिलेलं थिनरच वापरा. रॉकेल मिसळलं तर रंग नीट सुकत नाही.

पावसाळी दमट हवेत काम काढू नका. भर दुपारचं ऊनही टाळा, सकाळची वेळ चांगली. हाताला वाळलेला वाटला तरी रंग आतून घट्ट व्हायला आठवडाभर लागतो. तोवर वर जड डबे, पेट्या ठेवू नका.

काम चार-पाच दिवसांचं आहे, त्यातला रंग मारायचा वेळ सगळ्यात कमी. तेवढा धीर धरला तर आजोबांच्या वेळचं कपाट भंगारवाल्याकडे न जाता नातवंडांनाही वापरता येईल.